ठरलेला शेवट आणि मोकळा प्रश्न

ग्रीक मिथकांच्या आधुनिक पुनर्कथनांविषयी आपल्याकडे जे लिहिले आणि शिकवले जाते, त्यात एक सूत्र रूढ होऊन गेले आहे. मिथक हे जुने भांडे आणि आधुनिक लेखक त्यात नवा आशय ओतणारा. काम्यूने सिसिफसच्या कथेत निरर्थकता ओतली, आनुईने अँटिगनीच्या कथेत बंडखोरी ओतली, अलीकडच्या लेखिकांनी पेनेलोपीच्या कथेत स्त्रीवाद ओतला. 'मिथकाचा आधुनिक अर्थ स्पष्ट करा' या प्रश्नाचे उत्तर मग एका ओळीत देता येते, आणि उत्तरपत्रिकांत ते पुष्कळदा तसेच दिलेले असते. सूत्र सोयीचे आहे. परंतु ते खरे मानले तर एक साधी शंका उरते. आशय जर बाहेरूनच आणायचा, तर भांडे हेच का? निरर्थकतेविषयी लिहिण्यासाठी काम्यूला सिसिफसची निकड का भासावी? 'सिसिफसचे मिथक' या पुस्तकातले बहुतेक सर्व विवेचन त्या पाषाण ढकलणाऱ्या राजाचा आधार न घेताच झालेले आहे. तो येतो तो अखेरच्या मोजक्या पानांत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पुनर्कथनाचा तात्त्विक अर्थ त्यात नव्याने घातलेल्या विचारात शोधू नये. कथेचा ठरलेला शेवट तसाच ठेवून, त्या शेवटाकडे जाणाऱ्या वाटेवर लेखकाने कोणता प्रश्न उभा केला, यात तो शोधावा. शेवट हलवता येत नाही म्हणूनच त्या प्रश्नाला धार येते. लेखक जेथे शेवटाशी तडजोड करतो, किंवा शेवट कायम ठेवून त्यावर आपले निकालपत्र डकवतो, तेथे कथा वाचनीय राहते, कदाचित अधिक न्याय्यही होते. पण वाचकाला विचारात पाडण्याचे तिचे बळ ओसरते. एकविसाव्या शतकात ग्रीक पुनर्कथनांचे जे उदंड पीक आले आहे, ते पाहता हा भेद करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

याची सुरुवात ग्रीकांपासूनच करावी लागेल, कारण पुनर्कथन ही आधुनिकांची मिरास नव्हे. 'मूळ मिथक' असे काही एकसंध अस्तित्वात नव्हतेच. होमरची हेलन ट्रॉयमध्ये आहे, युरिपिडीजच्या इ.स.पू. ४१२ मधील 'हेलन' नाटकात ती ट्रॉयला गेलेलीच नाही, तेथे गेली ती तिची छायाप्रतिमा, आणि खरी हेलन इजिप्तमध्ये वाट पाहत बसली आहे. ओरेस्टीजने केलेल्या मातृवधाची कथा एस्किलस, सोफोक्लीज आणि युरिपिडीज या तिघांनीही हाताळली, आणि तिघांनी तिचे तीन निरनिराळे ताण दाखवले. मात्र त्या वधाला कोणी बगल दिली नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात हे स्पष्टच सांगितले आहे: परंपरेने आलेल्या कथा मोडू नयेत, क्लायटेम्नेस्ट्रा ओरेस्टीजच्या हातूनच मरावी, कवीचे कौशल्य दिसते ते अशा कथांचा नीट उपयोग करण्यात.

म्हणजे अथेन्सच्या प्रेक्षकाला काय घडणार हे ठाऊक होते. आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला सीताहरण होणार हे ठाऊक असते, तरी त्याचे लक्ष ढळत नाही; तसेच हे. उत्कंठा 'काय' याविषयी नसते, 'कसे' आणि 'का' याविषयी असते. येथेच मिथक तत्त्वचिंतनाच्या जवळ येते. आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्याचा शेवट ठरलेला आहे आणि तो आपल्याला माहीत आहे. मग त्या ठरलेल्या शेवटाच्या अलीकडे माणसाच्या हाती नेमके काय उरते? स्वातंत्र्य हा शब्द तेथे कोणत्या अर्थाने वापरायचा? हा प्रश्न मिथकात कोणी घातलेला नाही. ठरलेल्या कथेच्या घडणीतूनच तो उद्भवतो. आधुनिक लेखकाला मिथकाची गरज भासते ती या घडणीसाठी.

आता काम्यूचा सिसिफस पाहू. 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात पाताळलोकी गेलेला ओडिसिअस त्याला पाहतो. होमर त्याला मोजक्याच ओळी देतो: दोन्ही हातांनी रेटलेला प्रचंड पाषाण, शिखराशी पोचता पोचता त्याचे उलटून गडगडत खाली येणे, अंगावरचा घाम, डोक्याभोवती उठणारी धूळ. अपराध कोणता हे होमर तेथे सांगत नाही. त्याची दृष्टी आहे ती कष्टावर, म्हणजे चढावर. काम्यू या कथेतले काहीही बदलत नाही. देवांना दया येत नाही, पाषाण शिखरावर टिकत नाही, शिक्षेची मुदत संपत नाही. तो फक्त आपली दृष्टी उतारावर आणतो. पाषाण खाली गेला आहे आणि रिकाम्या हातांचा सिसिफस त्याच्यामागून डोंगर उतरतो आहे. या काही क्षणांत त्याला कष्ट नाहीत. आहे ती केवळ जाणीव. आपले काय चालले आहे आणि ते कधीही संपणार नाही, हे तो पुरतेपणी जाणतो.

या एका बदलाने प्रश्न निर्माण होतो. लादलेले प्राक्तन जाणून घेतले, तर ते माझे होते का? जाणणे ही कृती आहे की नुसती अवस्था? काम्यूने सिसिफसची सुटका केली असती, तर मुक्तीची एक आख्यायिका तयार झाली असती आणि हे प्रश्न उठलेच नसते. त्या निबंधाच्या प्रसिद्ध अखेरच्या वाक्याचा अर्थही आपल्याकडे फार गुळगुळीत करून सांगितला जातो. जणू 'कष्टात आनंद माना' असा तो उपदेश आहे. वस्तुतः सिसिफस सुखी आहे असे विधान तेथे नाही. त्याला तसे कल्पिण्याची जबाबदारी वाचकावर टाकलेली आहे, आणि ती पेलायची की नाकारायची हे वाचकाने ठरवायचे आहे. हे पुस्तक १९४२ मध्ये, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना निघाले. काफ्का ज्यू असल्यामुळे त्याच्यावरचे प्रकरण त्या आवृत्तीतून वगळावे लागले आणि नंतरच्या आवृत्तीत ते परिशिष्ट म्हणून आले. बाहेरची चौकट हलत नसताना आतला माणूस काय करू शकतो, हा प्रश्न त्या वेळी ग्रंथालयापुरता मर्यादित नव्हता, एवढे यावरून ध्यानात यावे.

त्याच पॅरिसमध्ये फेब्रुवारी १९४४ मध्ये ज्यां आनुईचे 'अँटिगनी' रंगभूमीवर आले, तेही जर्मन सेन्सॉरची परवानगी घेऊन. प्रेक्षकांत दोन तट पडले. काहींना अँटिगनीच्या नकारात प्रतिकार चळवळीचा स्वर ऐकू आला. काहींना वाटले की नाटककाराने क्रिऑनच्या तोंडी फारच पटणारे युक्तिवाद घातले आहेत आणि ही व्यवस्थेपायी हात मळवून घेणाऱ्या राज्यकर्त्याची वकिली आहे. 'आनुईने बंडखोरीचा आशय ओतला' असे म्हणणाऱ्यांनी या वादाचा विचार करायला हवा. ओतलेला आशय इतका संदिग्ध कसा निघाला?

उत्तर नाटकाच्या रचनेत आहे. सोफोक्लीजच्या अँटिगनीजवळ, म्हणजे इ.स.पू. ४४१ च्या सुमाराच्या नाटकात, कृतीला कारण आहे: देवांचे अलिखित नियम राजाज्ञेहून श्रेष्ठ आहेत. हेगेलने पुढे या नाटकात दोन न्याय्य पक्षांचा संघर्ष पाहिला, तोही दोन्ही बाजूंना कारणे आहेत म्हणूनच. आनुई हे कारणच काढून घेतो. त्याचा क्रिऑन अँटिगनीला सांगतो की तुझे दोन्ही भाऊ सारखेच नालायक होते. दोघांची प्रेते इतकी चिरडली गेली होती की कोणते कोणाचे हे ओळखता येईना. त्यातल्या त्यात धड दिसले ते उचलून मानाने पुरले आणि दुसरे सडू दिले. ज्याच्यावर ती माती लोटते आहे तो नक्की कोण, हेही सांगता येत नाही. अँटिगनी खचते, आपल्या खोलीत परत जायला तयार होते. तेवढ्यात क्रिऑन तिला समजुतीच्या सुरात संसाराविषयी, सुखाविषयी सांगू लागतो, आणि त्या 'सुख' शब्दापाशी ती पुन्हा उसळते. शेवट सोफोक्लीजचाच राहतो. पहिल्याच प्रवेशात निवेदकाने सांगून ठेवले आहे की या मुलीचे नाव अँटिगनी असल्याने तिला मरावे लागणार आहे.

कारण काढून घेतल्यावरही कृती उरते, हे या नाटकाचे तात्त्विक मर्म. कारणावाचूनच्या नकाराला नैतिक म्हणायचे की केवळ हट्ट? आनुई सांगत नाही. याच्या शेजारी कमिला शम्सी यांची 'होम फायर' (२०१७) ही कादंबरी ठेवून पाहावी. येथे भाऊ ब्रिटनमध्ये वाढलेला मुस्लिम तरुण आहे. इस्लामिक स्टेटच्या नादी लागून तो सीरियाला जातो, परतण्याच्या प्रयत्नात मारला जातो, आणि ब्रिटनचा गृहमंत्री, जो स्वतः पाकिस्तानी वंशाच्या मुस्लिम कुटुंबातला आहे, त्याचे प्रेत मायदेशी आणू देत नाही. बहीण कराचीत त्या प्रेतापाशी बसते. आनुईने काढून घेतलेले कारण येथे परत आले आहे, मात्र ते देवांकडून आलेले नाही. मृताला कोणत्या भूमीवर हक्क आहे, नागरिकत्व माणसाच्या मरणापाशी संपते की पुढेही उरते, असा तो प्रश्न आहे. एकाच कथेने पाऊणशे वर्षांच्या आत एकदा कारण गमावले आणि एकदा निराळे कारण मिळवले. बहिणीचे प्रेताशी असलेले नाते आणि सत्तेचा नकार या दोन गोष्टी मात्र दोन्हीकडे जागच्या जागी आहेत. त्या स्थिर असल्यामुळेच या दोन प्रश्नांची तुलना करता येते.

तिसरे उदाहरण ख्रिस्टा वोल्फ या पूर्व जर्मन लेखिकेच्या 'कॅसँड्रा' (१९८३) या कादंबरीचे. दोन्ही जर्मनींच्या भूमीवर अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रे ठेवण्याचे ते दिवस. कादंबरीच्या सिद्धतेविषयी वोल्फ यांनी दिलेल्या व्याख्यानांतील निःशस्त्रीकरणासंबंधीचे काही भाग पूर्व जर्मनीतल्या आवृत्तीत गाळले गेले. कादंबरी घडते ती मायसिनीच्या सिंहद्वारापाशी, ॲगमेम्नॉनची बंदी म्हणून आणलेल्या कॅसँड्राच्या मनात, तिच्या मृत्यूच्या आधीच्या काही तासांत. ती मरणार हे तिलाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही.

एस्किलसच्या कॅसँड्राची शोकांतिका अशी, की तिला सत्य दिसते पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. वोल्फ यांनी प्रश्न एक पायरी मागे नेला आहे. हेलन ट्रॉयमध्ये नाहीच, हे त्यांच्या कादंबरीत राजवाड्याला माहीत आहे. युरिपिडीजची छायाप्रतिमा येथे राजनैतिक गुपित बनली आहे. कॅसँड्रालाही ते कळते. तरी ती राजकन्या आहे, पित्याची लाडकी आहे, आणि निष्ठेपोटी ती गप्प राहते. लोकांनी तिचे ऐकले नाही हे खरे. पण तिने स्वतःचे किती उशिरा ऐकले? सत्य दिसणे आणि सत्य मान्य करणे यांत जे अंतर पडते, ते कोणत्या मोहाने पडते? आपुलकी आणि आज्ञाधारकता यांची सरमिसळ झाली की ज्ञानाचे काय होते? कादंबरीच्या अखेरीस इनिअस तिला आपल्याबरोबर निघायला सांगतो आणि ती नकार देते, कारण उद्या त्याला वीरपुरुष व्हावे लागेल, आणि वीरपुरुषावर तिला प्रेम करता येणार नाही. कॅसँड्रा मायसिनीतच मरते. ती इनिअसबरोबर निसटली असती, तर तिच्या त्या उशिरा आलेल्या स्पष्टतेची किंमत आपल्याला कळली नसती.

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या पुनर्कथनांकडे वळू. मार्गारेट ॲटवुड यांची 'पेनेलोपियाड' (२००५), मॅडलिन मिलर यांची 'सर्सी' (२०१८), पॅट बार्कर यांची 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' (२०१८) ही त्यांतली ठळक नावे. उपेक्षितांच्या अन्यायाला वाचा फोडणे ही त्यांची सामायिक प्रेरणा मानली जाते. मराठी वाचकाला ही प्रेरणा नवी नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने (१९६७) कर्णाला न्याय मिळवून दिला, असे म्हणतच आपल्या पिढ्या वाढल्या. पुनर्कथन म्हणजे उपेक्षितांचा कैवार, ही आपली धारणा बऱ्याच अंशी त्या वाचनातून घडली. परंतु त्याच वर्षी आलेल्या इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'ने दुसरा मार्ग दाखवला होता. तेथे कोणाचा कैवार नाही, कोणाची सुटकाही नाही. भीष्माच्या त्यागाचीही झाडाझडती होते. 'मृत्युंजय' वाचून आपण कर्णाच्या बाजूने उभे राहतो. 'युगान्त' वाचून आपली बाजूच डळमळते. ग्रीक पुनर्कथनांतही हे दोन मार्ग स्पष्ट दिसतात.

मिलर यांची सर्सी अखेरीस अमरत्व सोडून मर्त्य होण्याची निवड करते. 'टेलिगनी' या लुप्त महाकाव्याचा जो सारांश उरला आहे, त्यात सर्सी इतरांना अमर करते. मिलर यांनी तो शेवट उलटवला आहे. निवड सुंदर आहे आणि तिच्यामागचे समर्थन कादंबरीने परिश्रमपूर्वक रचले आहे. अडचण त्या समर्थनातच आहे. 'ओडिसी'च्या पाचव्या सर्गात कॅलिप्सोने देऊ केलेले अमरत्व ओडिसिअसही नाकारतो. पेनेलोपी रूपाने तुझ्याहून उणी आहे, ती मर्त्य आहे, हे तो कबूल करतो. तरीही मला घरी जायचे आहे, एवढेच म्हणतो. या 'तरीही'चे पुरेसे कारण होमर देत नाही, म्हणून अडीच हजारांहून अधिक वर्षे ते वाचकाला छळते. सर्सीच्या निवडीला कारणे पुरेशी आहेत. वाचक मान डोलावतो आणि पुस्तक मिटतो.

ॲटवुड आणि बार्कर यांचे सामर्थ्य आम्हांला वेगळे वाटते. 'ओडिसी'च्या बाविसाव्या सर्गात पेनेलोपीच्या बारा दासींना टेलिमॅकस फासावर लटकवतो. त्यांचे पाय थोडा वेळ तडफडले, फार वेळ नाही, इतके होमर सांगतो. ॲटवुड त्यांचा मृत्यू टाळत नाहीत. उलट वाणी लाभलेली पेनेलोपीच सांगून जाते की वरांमध्ये मिसळून हेरगिरी करायला या दासींना तिनेच सांगितले होते, आणि ही गोष्ट तिने गुप्त ठेवली होती. म्हणजे जिला अखेर बोलायला मिळाले, तिच्या बोलण्याखालीही कोणाचे तरी मौन दडपलेले आहे. दासी कोरस बनून गातात, ओडिसिअसवर खटला भरतात, पाताळात त्याचा पाठलाग करतात. पेनेलोपीला त्या दोषमुक्त करीत नाहीत.

बार्कर यांच्या कादंबरीतला एक प्रसंग तर 'इलियड'च्या चोविसाव्या सर्गातून जसाच्या तसा आला आहे. वृद्ध प्रायम अकिलीजच्या छावणीत येतो आणि आपल्या पुत्रांना मारणाऱ्या हातांचे चुंबन घेतो. पाश्चात्त्य साहित्यातला करुणेचा हा एक अत्युच्च क्षण मानला जातो. बार्कर त्यात काहीही बदलत नाहीत. फक्त ब्रायसिसला तेथे उभी करतात. पती आणि भाऊ यांच्या मारेकऱ्याच्या शय्येवर जिला रोज जावे लागते, ती हा प्रसंग पाहते, आणि राजाने एकदा केलेली गोष्ट असंख्य स्त्रियांना नित्य करावी लागते, हे तिला जाणवते. प्रायमचे दुःख यामुळे खोटे ठरत नाही. पण थोर कृतीचे मोल करताना आपण कोणाची कृती मोजतो आणि कोणाची मोजतच नाही, हा प्रश्न त्या जुन्या प्रसंगाला कायमचा चिकटतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. ज्यांना शतकानुशतके बोलूच दिले नाही, त्यांच्याकडून तात्त्विक संदिग्धतेची अपेक्षा करणे हे आरामखुर्चीतल्या समीक्षकाचे चोचले नव्हेत काय? आधी न्याय, मग तत्त्वज्ञान. हा क्रम आम्हांला समजतो, पण साहित्यात तो तसा लागू होत नाही. फासावर गेलेल्या दासींना कादंबरी न्याय देऊ शकत नाही. ती देऊ शकते ती फक्त आपल्या, वाचकांच्या, मनाला शांती. शेवट गोड करून किंवा निकाल सुनावून ती शांती देणारे पुस्तक दासींच्या कामी येत नाही, आपल्या कामी येते. ॲटवुड यांनी ती शांती नाकारली आहे, आणि दासींशी खरे इमान त्या नाकारण्यातच राखले गेले आहे.

म्हणून वर्गात पुनर्कथन शिकवताना 'लेखकाने कोणता नवा अर्थ दिला' या प्रश्नाच्या आधी 'लेखकाने काय हलवले नाही' हा प्रश्न विचारावा, असे आम्ही सुचवतो. सिसिफसचा पाषाण, अँटिगनीचा मृत्यू, सिंहद्वार, बारा दोर. विद्यार्थी एकदा या न हललेल्या वस्तूपाशी थांबला, की तिच्याभोवतीचा प्रश्न त्याला स्वतःलाच सापडू लागतो. त्यासाठी अस्तित्ववादाची तयार टिपणे लागत नाहीत.

काफ्काने प्रॉमिथ्यूसच्या चार आख्यायिका एका लहानशा टिपणात मांडल्या. १९१८ मधले हे टिपण त्याच्या मृत्यूनंतर १९३१ मध्ये छापले गेले. पहिलीत शिक्षा आहे, दुसरीत वेदनेने तो खडकाशी एकजीव होतो, तिसरीत सगळे सगळ्यांना विसरतात, चौथीत या साऱ्याचा सर्वांनाच, अगदी जखमेलाही, कंटाळा येतो. शेवटी उरतो तो खडक, ज्याचा उलगडा झालेला नाही. पुनर्कथनांचे बरेवाईट ठरवताना आम्ही हा खडक समोर ठेवतो. लेखकाने आपली आख्यायिका सांगून झाल्यावरही तो तसाच शिल्लक राहिला असेल, तर ते पुस्तक पुढच्या वर्गाला पुन्हा शिकवावे.